किल्ली कोणाच्या कमरेला?

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी फोन आला. शेजारच्या जिल्ह्यातल्या संघटनेतली तरुण कार्यकर्ती. फराळाचं, पोराबाळांचं बोलणं झालं. मग जरा थांबून ती म्हणाली, "ताई, राग मानू नका. पण तुमच्या केंद्राच्या डेटाबेसचा पासवर्ड मला दिसतोय. मलाच नाही, आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यांनाच दिसत असणार."

मला आधी काही उमगलंच नाही. "दिसतोय म्हणजे? कुणी लिहून पाठवला का?"

"तुम्हीच पाठवलाय ताई. त्या नोटबुकची लिंक पाठवलीत ना? तिच्यात तिसऱ्या कप्प्यात आहे."

मैत्रिणींनो, त्या फोनबद्दल आणि त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे. लिहिताना शरम वाटते. पण आता लहानमोठी सगळीच सल्ला केंद्रं नोंदी संगणकावर ठेवू लागली आहेत, आणि जी चूक आमच्याकडून झाली ती तुमच्याकडे झाली नसेल असं मला वाटत नाही. कदाचित तुम्हाला अजून कुणाचा फोन आला नसेल, एवढंच.

आमचं केंद्र जुनं. पहिली वीस-पंचवीस वर्षं केस पेपर लोखंडी कपाटात असायचे. कपाटाची किल्ली आळीपाळीने दोघींकडे. एकदा एक नवरा दोन पोलिसांना सोबत घेऊन आला, बायकोचा पत्ता दाखवा म्हणून. आमच्यातली सगळ्यात थोरली ताई कपाटाला पाठ लावून खुर्ची टाकून बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. नव्या कार्यकर्त्यांना आम्ही ही गोष्ट दर शिबिरात सांगतो. कपाटाचं कुलूप काही फार भारी नव्हतं, पण ते कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे आम्हा प्रत्येकीला ठाऊक होतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी सगळ्या नोंदी संगणकावर चढवल्या. त्याचं एक कारण पावसाळ्यात भिजलेले कागद, आणि दुसरं म्हणजे अहवाल. पैसे देणाऱ्या संस्थांना आकडे हवे असतात, आणि आकडे आम्हालाही हवे होते. बाई लग्नानंतर किती दिवसांनी पहिल्यांदा केंद्रात येते? तडजोड करून सासरी परत गेलेल्या किती जणी वर्षाच्या आत पुन्हा आल्या? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करण्याआधी ती किती ठिकाणी खेटे घालून आलेली असते? ही उत्तरं आमच्याच कागदांत होती, पण काढायची कुणी?

ती काढून दिली एका पुण्याच्या मुलीने. ती कंपनीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार आमचं काम करते, एक पैसा न घेता. तिने 'नोटबुक' तयार केलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही संगणकावरची एक वहीच असते, ज्युपिटर किंवा गूगलचं कोलॅब नावाची. एका कप्प्यात संगणकाला द्यायची आज्ञा लिहायची, आणि त्याच्या खालीच उत्तर उमटतं, कधी आकडा, कधी तक्ता, कधी आलेख. मध्ये साध्या मराठीत टिपणही लिहिता येतं. म्हणजे निष्कर्ष कुठून आला ते पायरीपायरीने दिसतं, आणि दुसऱ्या संस्थेला तीच वही घेऊन आपल्या नोंदींवर चालवता येते. मला ही कल्पना फार आवडली होती, आजही आवडते. शहरातले तज्ज्ञ आपल्या बायकांचे आकडे घेऊन जायचे आणि दोन वर्षांनी इंग्रजी पुस्तक धाडायचे, त्यापेक्षा हे किती बरं!

पण वहीला नोंदी मिळायच्या तर तिला आधी डेटाबेसचं दार उघडावं लागतं. दाराचा पत्ता, आत जाणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड, या तीन गोष्टी तिसऱ्या कप्प्यात सरळ अवतरणचिन्हांत लिहिलेल्या होत्या. एकटीने काम करताना बहुतेक जण असंच करतात म्हणे, नंतर काढू म्हणून. ते 'नंतर' आलं नाही. मीच तिच्या मागे लागले होते, आपल्या पाच संस्थांच्या ग्रुपवर सगळ्यांना दाखवायचंय, दिवाळीच्या आधी पाठव. तिने लिंक दिली. ती उघडेना असं दोघी-तिघींनी कळवलं, म्हणून 'लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल' असं केलं. ते करा असंही मीच सांगितलं. तेव्हा दोष त्या मुलीच्या पदरात टाकून कुणी मोकळं होऊ नये. (पासवर्ड तरी काय होता? संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल. तो मी ठरवला होता.)

लिंक अकरा दिवस तशीच होती. त्यातले सहा दिवस केंद्र बंद.

फोन ठेवल्यावर मी त्या मुलीला गाठलं आणि म्हटलं, "अगं, आधी ती ओळ पुसून टाक." ती म्हणाली, "नाही मावशी, आधी पासवर्ड बदलायचा. ओळ पुसून काही होत नाही." तिचं खरं होतं. ज्याला वही दिसते त्याला तिची प्रत आपल्या खात्यात ठेवता येते, आणि आपण लिंक बंद केली तरी ती प्रत त्याच्याकडे राहते. ज्याला वहीत लिहायची मुभा आहे त्याला जुन्या आवृत्त्याही उघडता येतात. गिटहबसारख्या ठिकाणी ठेवली असेल तर प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो, म्हणजे आज खोडलेलं कालच्या पानावर तसंच असतं. एकदा किल्लीचा ठसा बाहेर गेला की कुलूपच बदलायला हवं. ते तिने दहा मिनिटांत केलं.

मग मी विचारलं, या अकरा दिवसांत कुणी आत गेलं होतं का?

इथे आमची खरी चूक उघडी पडली. सर्व्हर आपल्याकडे नोंद ठेवतो, कोणत्या नावाने कोण कधी आत आलं. पण आम्ही सात जणी, ती मुलगी आणि ती वही, सगळे एकाच नावाने आत जात होतो. नोंदीत पानंच्या पानं एकच नाव, आमचंच. कोणत्या संगणकावरून, तेही लिहिलेलं असतं. पण कोलॅबची वही चालते गूगलच्या यंत्रांवर, त्यामुळे वहीतून कुणीही आत आलं असतं तरी पत्ता गूगलचाच दिसला असता. त्या यंत्रांचे पत्ते सारखे बदलतात म्हणून आमच्या डेटाबेसचं दारही कोणत्याही पत्त्यावरून ठोठावता येईल असं ठेवलेलं. थोडक्यात, पासवर्ड हे एकच कुलूप होतं. कुणी आत गेलं की नाही याचं उत्तर आम्हाला कधीच मिळणार नाही.

आमच्या नोंदींत चौदा बायका अशा होत्या ज्यांचा सध्याचा पत्ता सासरच्यांना, काहींच्या बाबतीत माहेरच्यांनाही, कळता कामा नये. चौदा पत्ते, फोन नंबर, मुलांच्या शाळा, सगळं त्या दाराच्या आत.

सांगायचं की नाही यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. "काही झालंच नसेल तर उगाच घाबरवायचं कशाला?" असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्या काही निष्काळजी नव्हत्या. त्यांनीच या बायकांना रात्री-अपरात्री घराबाहेर काढलेलं आहे. पण मला हे म्हणणं पटलं नाही. धोका किती आहे हे तिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं समजणं, ही आपण ज्यांच्याविरुद्ध बोलतो त्यांचीच भाषा आहे. २००५ चा कायदा तिला तिच्या निर्णयाचा हक्क देतो असं आपण शिबिरात सांगायचं, आणि तिच्याच पत्त्याबद्दलची गोष्ट तिच्यापासून झाकायची? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही हे बंधन लिहिलेलं आहे, माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला कळवायचं. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

शेवटी कळवायचं ठरलं. तेही सोपं नव्हतं. फोन कोण उचलेल? मेसेज कोण वाचेल? कुणाला कामाच्या ठिकाणी, कुणाला बहिणीमार्फत, असं करत आम्ही पहिल्या आठवड्यात नऊ जणींपर्यंत पोचलो. दोघी चिडल्या, आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. एक हसून म्हणाली, "माझा पत्ता त्याला केव्हाच कळलाय, ताई." ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. आणि एक, जिने दोन वर्षांत तिसऱ्यांदा खोली बदलली आहे, ती शांतपणे ऐकून म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. पण आता मी खोली बदलू की नको, तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येकीचं वेगळं नाव असतं, तर कदाचित असतं.

या सगळ्यावर बैठकीत जे बोलणं झालं त्याबद्दल मला मुख्यतः लिहायचं आहे. कारण तांत्रिक चूक सुधारायला एक दिवस लागला, पण तिच्यामागची सवय अजून गेलेली नाही.

पहिलं म्हणणं आलं ते असं: "ग्रुपवर सगळ्या आपल्यातल्याच आहेत. आपण एकमेकींवर अविश्वास दाखवायचा का?" हा प्रश्न मला जुन्या दिवसांत घेऊन गेला. आपण संघटना बांधल्या त्याच मुळी विश्वासावर. कागदपत्रं, पैसा, घरं, सगळं वाटून घेतलं. पण आपल्याकडे येणारी बाई विश्वास ठेवते तो टेबलाच्या अलीकडे बसलेल्या एकीवर. पाच संस्थांच्या चाळीस जणींवर तिने विश्वास ठेवलेला नसतो, त्यांच्या घरी चार्जिंगला लावलेल्या, नवरा, दीर, भाचा यांच्या हाती पडणाऱ्या चाळीस फोनांवर तर नाहीच नाही. तिचा भरवसा आपल्याला परस्पर पुढे वाटता येत नाही. तो आपला नव्हेच.

आणि 'आपल्यातच' म्हणून ठेवलेलं आपल्यातच राहतं असंही नाही. उबर ही टॅक्सीची जगभर पसरलेली कंपनी. तिच्या इंजिनियरांनी गिटहबवरच्या आपल्या खाजगी साठ्यात आज्ञावली ठेवली होती आणि तिच्यातच दुसऱ्या दाराच्या किल्ल्याही. २०१६ साली बाहेरचे लोक त्या खाजगी साठ्यात शिरले, किल्ल्या घेतल्या आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती घेऊन गेले. कंपनीने ती गोष्ट वर्षभर दडवली, ती उघड झाली २०१७ च्या नोव्हेंबरात. पगारी तज्ज्ञांच्या फौजेचं हे, तर आपलं काय!

दुसरं म्हणणं याच्या बरोबर उलट, आणि मला त्याची जास्त भीती वाटते. "मग पासवर्ड एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवू." ही व्यक्ती कोण असणार ते आपल्याला ठाऊक आहे. संस्थेत संगणकाचं बघणारा मुलगा, किंवा अध्यक्षबाई. घरातल्या कोठीची किल्ली सासूच्या कमरेला आणि तिजोरीची सासऱ्याच्या, हे आपण बघितलेलं आहे. किल्ली ज्याच्याकडे त्याची मर्जी सांभाळावी लागते. समुपदेशन करणाऱ्या कार्यकर्तीला आपल्याच केसची नोंद बघायला कुणाची तरी विनवणी करावी लागली, तर ती पुन्हा स्वतःच्या वहीत लिहायला लागेल, आणि ती वही पिशवीत घालून एसटीने फिरेल.

माझं मत असं की एकच किल्ली सगळ्यांनी वापरायची आणि एकच किल्ली एकाने वापरायची, या दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट. प्रत्येकीची किल्ली वेगळी हवी, आणि प्रत्येक किल्लीने तिच्या कामापुरतंच दार उघडायला हवं. संगणकाला हे जमतं. लोखंडी कपाटाला ते जमत नव्हतं, ही जमेची बाजू आपण वापरतच नाही!

आमच्याकडे आता काय केलं ते सांगते. डेटाबेसमध्ये प्रत्येक कार्यकर्तीचं स्वतःच्या नावाने खातं आहे. वहीसाठी वेगळं खातं काढलं, त्याला फक्त वाचता येतं, बदलता किंवा पुसता येत नाही. आणि वाचता येतं तेही मूळ नोंदवहीतलं नाही. तिच्यावरून एक वेगळा तक्ता बांधला आहे, ज्यात नाव, फोन, पत्ता, गाव यांचे रकानेच नाहीत. वयोगट, तालुका, महिना, तक्रारीचा प्रकार, एवढंच. आमच्या प्रश्नांना तेवढं पुरतं. खरं म्हणजे आधीही तेवढंच पुरलं असतं. आलेख काढायला बाईचं नाव लागत नाही. यातही एक मेख आहे: लहान तालुक्यात एका महिन्यात एकाच प्रकारची एकच केस असेल तर नाव नसूनही अख्खं गाव ओळखतं. म्हणून पाचापेक्षा कमी आकडा आला तर तो शेजारच्या तालुक्यात किंवा पुढच्या महिन्यात मिसळायचा, वेगळा दाखवायचा नाही.

पासवर्ड आता वहीत नसतो. कोलॅबमध्ये डाव्या बाजूला किल्लीचं चित्र आहे. तिथे पासवर्डला एक नाव देऊन तो ठेवायचा. वहीत फक्त ते नाव लिहायचं. वही दुसरीला पाठवली तर नाव जातं, पासवर्ड आपल्या खात्यातच राहतो, आणि तिला वही चालवायची तर तिच्या खात्यात तिची स्वतःची किल्ली असावी लागते. मात्र ही किल्ली कोणत्या वहीला वापरू द्यायची हे आपण ठरवायचं असतं. अनोळखी माणसाने पाठवलेल्या वहीला "हो" म्हटलं तर तिच्यातली आज्ञा आपली किल्ली वाचू शकते. स्वतःच्या संगणकावर ज्युपिटर वापरणाऱ्यांसाठी दोन वाटा आहेत. एक, वही दर वेळी पासवर्ड विचारेल आणि टाइप करताना तो पडद्यावर दिसणार नाही असं करता येतं. दुसरी, पासवर्ड वेगळ्या लहान फाइलमध्ये ठेवायचा, आणि ती फाइल वहीबरोबर कधीही पाठवायची नाही. ही दुसरी वाट मला फारशी पसंत नाही. घाईत माणूस सगळा फोल्डरच पाठवतो.

एक गोष्ट आमच्याही ध्यानात उशिरा आली. वही पाठवताना आज्ञांच्या खाली उमटलेली उत्तरंही जातात. किल्ली कितीही नीट लपवली, आणि खाली मागच्या खेपेला तपासणीसाठी उघडलेल्या पहिल्या दहा नोंदी तशाच राहिल्या, तर काय उपयोग? आता पाठवण्याआधी सगळी उत्तरं पुसायची आणि दुसरीने वरपासून खालपर्यंत वही वाचायची असा नेम केला आहे. वाचणारी संगणकातली जाणकार नसली तरी चालतं. मीच वाचते. नाव दिसलं, नंबर दिसला, तर ओळखायला डिग्री लागत नाही.

बैठकीत दोघींनी पुन्हा कागदावर जाऊ म्हटलं. मला ते पटत नाही, पण मी त्यांना हसत नाही. कपाटाला पाठ लावून बसता यायचं.

आणखी एक आठवण, विषयाला धरूनच. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, आणि १९८० साली देशभरातल्या बायका तिच्या नावाने रस्त्यावर उतरल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, फलकावर तिचं नाव मी स्वतः रंगवलेलं आहे. त्याच आंदोलनाच्या रेट्याने १९८३ साली कायदा बदलला, आणि त्याच दुरुस्तीत कलम २२८ अ आलं: बलात्कारित स्त्रीची ओळख छापणं, जाहीर करणं हा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ७२ म्हणून आहे. तिला विचारून तिचं नाव आपण घेतलं होतं का, हा प्रश्न तेव्हा आम्हाला सुचला नव्हता. आज हा लेख लिहिताना ते नाव मी लिहिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे, हीच तर गोष्ट.

आमच्या नोंदींत कलम ७२ खाली येणाऱ्या किती जणी होत्या ते मी सांगणार नाही. पाचापेक्षा कमी आकडा दाखवायचा नाही असं ठरलंय.

त्या पुण्याच्या मुलीने काम सोडलेलं नाही. मध्ये दोन आठवडे ती आली नाही, मग मीच जाऊन तिला घेऊन आले. आता ती पाचही संस्थांच्या वह्या तपासते आहे. आणखी दोन ठिकाणी पासवर्ड उघडा सापडला. त्यांच्या कार्यकर्त्यांनीही आपापल्या बैठकीत विषय घेतला आहे, बायकांना कळवायचं की नाही यावर तिथे अजून वाद चालू आहे. त्यांना आमचा अनुभव हवा असेल तर मी यायला तयार आहे, प्रवासखर्चही नको.

चौदापैकी बारा जणींशी बोलणं झालं. एकीचा फोन बंद आहे. दुसरीच्या गावात बुधवारी बाजार भरतो, तिथे ती भाजी घेऊन बसते असं कळलंय. या बुधवारी आमच्यातली एक जण जाणार आहे, भाजी घ्यायला म्हणून.